जुन्या मॅसीला पलटी नांगर आणि टिपिंग ट्रॉली: तेलाची लाइन कुठून आणि कशी काढावी?

ऊसमळा (सांगे) | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे. बाबांनी घेतला तेव्हा मी शाळेत होतो. धारबांदोड्याचा संजीवनी कारखाना चालू होता तोवर त्याने बहुतेक ऊसच ओढला. गाळप थांबलं, ऊस गेला, आणि आता त्या दीड हेक्टरात मला मका, चवळी आणि थोडी मिरची करायची आहे. उसाची जुनी बुडखी इतकी घट्ट बसलीत की रोटावेटर नुसता वरून उड्या मारत जातो. म्हणून बेळगावहून वापरलेला, दोन फाळांचा छोटा हायड्रॉलिक पलटी नांगर आणला. शेणखतासाठी शेजारच्या काकांची टिपिंग ट्रॉलीही अधूनमधून मिळते.

अडचण अशी की ट्रॅक्टरला बाहेर तेल काढायला सीटजवळ लिफ्टच्या झाकणावर एकच जागा आहे. त्यात अजून कंपनीचा प्लग बसलेला आहे. ट्रॉलीला एक नळी, नांगराला दोन. वर्कशॉपमध्ये म्हणाले, "टी लावतो, दोन कॉक लावतो, झालं तुझं काम." म्हणजे एका वाटेच्या दोन करणारा जोड आणि प्रत्येक वाटेला एक तोटी. मला पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगताही आलं नाही. वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, दिवसांत गावात ट्रॅक्टरला भाड्याची कामं असतात, त्याआधी हे उरकायचं आहे. कुणी केलं असेल तर नीट समजावून सांगा.

दोडामार्गवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

टी आणि कॉकवर माझी ट्रॉली सहा वर्षं चालली. चिरे, खडी, खत, सगळं ओतलं. ट्रॉलीपुरतं चालतं. नांगराचं मला माहीत नाही.

जांभाचिरा (डिचोली) | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

३६ एचपीला दोन फाळी हायड्रॉलिक पलटी? पुढची चाकं उचलेल रे. आधी नांगराचं वजन बघ.

चौदापंधरा (फोंडा) | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ऊसमळा, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच होतं. मी अठ्ठावीस वर्षं ट्रॅक्टर उघडतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण इथे घाई केली की पंपाचं काम निघतं.

कुठलाही जोड लावण्यापूर्वी दोन गोष्टी शोधायच्या: पंप तेल कुठून देतो, आणि काम झाल्यावर ते तेल परत कुठे जातं. बहुतेक लोक पहिलीच बघतात.

तुमच्या मॅसीत फर्ग्युसन पद्धत आहे. पंप मागच्या हाउसिंगमध्ये, गिअरच्याच तेलात बुडालेला असतो. त्याला चार पिस्टन. इतर ट्रॅक्टरचा गिअर पंप इंजिन चालू असेपर्यंत तेल फिरवत राहतो. हा तसा नाही. याचा वॉल्व्ह तेल ओढायच्या बाजूला आहे. लिफ्टला गरज असेल तेव्हाच तो तोंड उघडतो, नाहीतर पंप फिरतो पण ओढत काही नाही. म्हणून बाहेरच्या कामासाठी लिव्हर कुठे ठेवायचा हे समजून घ्यावं लागतं. जुन्या मॅसीत पोझिशनचा लिव्हर ट्रान्सपोर्टच्या खुणेच्या पलीकडे, अगदी टोकाला नेला की पंप सतत तेल देऊ लागतो. मॅन्युअलमध्ये त्याला कॉन्स्टंट पंपिंग म्हटलंय.

आता टी आणि कॉक. ट्रॉलीचा जॅक एकतर्फी. तेलाने वर जातो, स्वतःच्या वजनाने खाली येतो, आणि त्याच नळीतून तेल परत येतं. दोडामार्गवाले म्हणतात तसं ते चालतं. नांगराचा जॅक दुतर्फी. एका बाजूने तेल आत जाताना दुसऱ्या बाजूचं तेल बाहेर पडायला वाट हवी. कॉक ती वाट देत नाही. वर, दोन्ही कॉक बंद राहिले आणि लिव्हर टोकाला असला तर सगळं तेल रिलीफ वॉल्व्हवरून, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या वॉल्व्हवरून जाणार. ती किंचाळी ज्याने ऐकलीय त्याला विचारा. दहा मिनिटांत हाउसिंगला हात लागत नाही.

तुम्हाला तीन वस्तू लागतील. त्या प्लगच्या जागी डायव्हर्टर, म्हणजे नॉब फिरवला की लिफ्टची वाट बंद आणि बाहेरची चालू. त्यापुढे दोन लिव्हरचा ओपन सेंटर वॉल्व्ह, त्यातला एक लिव्हर एकतर्फी आणि एक दुतर्फी. आणि वॉल्व्हमधून गिअरच्या हाउसिंगमध्ये परत येणारी मोठ्या बोअरची नळी, मध्ये कुठेही कॉक नाही. ओपन सेंटर एवढ्यासाठी की लिव्हर मध्ये असताना तेल विनाअडथळा परत जावं.

शिकाऊ | १० नोव्हेंबर, सकाळी ९:०२

डायव्हर्टर नसेल तर काय होईल? लिफ्ट आणि नांगर दोन्हीला एकदम तेल जाणार ना?

चौदापंधरा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

जिथे जोर कमी लागतो तिथे तेल आधी जातं. नांगर लिफ्टवर टांगलेला असतो, त्यामुळे लिव्हर ओढल्यावर नांगर फिरण्याऐवजी लिफ्टच खालीवर होऊ लागते. लिफ्ट वर नेऊन डायव्हर्टरने तिची वाट बंद केली की ती तिथेच थांबते आणि सगळं तेल नांगराला मिळतं.

पेडण्याची_लेक | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

चौदापंधराबाब, तुमचं वाचून माझी तीन वर्षांपूर्वीची चूक आज समजली. आमचा ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा, इंजिनवर गिअर पंप असलेला. तिळारीच्या कालव्याचं पाणी आल्यावर आम्ही उन्हाळी भाजी वाढवली आणि मागे हायड्रॉलिक ब्लेड लावायचं ठरवलं. फिटरने पंप आणि लिफ्ट यांच्यामध्ये वॉल्व्ह टाकला आणि वॉल्व्हच्या टँकच्या तोंडातूनच पुढे लिफ्टला नळी दिली. पहिले दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी रोटावेटर उचलला आणि वॉल्व्हच्या दांड्याजवळून तेलाची पिचकारी. सील बदललं, पुन्हा तेच. आम्ही वॉल्व्हच खराब म्हणून परत दिला. तिथे नेमकं काय चुकलं होतं?

चौदापंधरा | १० नोव्हेंबर, दुपारी २:४०

बाय, वॉल्व्ह चांगला होता. टँकचं तोंड बिनदाबाच्या तेलासाठी असतं. त्यातून लिफ्टला तेल दिलं की लिफ्ट उचलताना पूर्ण दाब उलटा त्या तोंडावर येतो. दांड्याची सीलं त्यासाठी केलेलीच नसतात, कधी कधी बॉडीच तडकते. अशा ठिकाणी पॉवर बियाँड असलेला वॉल्व्ह घ्यावा लागतो. त्याला तीन वाटा असतात: आत येणारी, दाबासकट पुढे लिफ्टकडे जाणारी, आणि टँकला परतणारी वेगळी. दुकानात मागताना हाच शब्द सांगा. बऱ्याच वॉल्व्हना एक छोटी स्लीव्ह आत बसवून हे करता येतं.

पेडण्याची_लेक | १० नोव्हेंबर, दुपारी २:५५

देव बरें करूं. मी तीन वर्षं त्या दुकानदाराला बोल लावत होते. आज संध्याकाळी फोन करून त्याला सांगणार.

खाजनकर (तिसवाडी) | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

मी वेगळं मत मांडतो. जुन्या ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल बाहेर काढूच नये. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारा वेगळा पंप घ्यावा, त्याची स्वतःची टाकी, स्वतःचा फिल्टर. माझं कारण ऐका. आमच्याकडे एकच ट्रॉली पाच घरांत फिरते. ज्याच्या ट्रॅक्टरला जोडाल त्याचं तेल तिच्या जॅकमध्ये जातं आणि थोडं तिथेच राहतं. पुढच्या घरी गेली की ते त्या ट्रॅक्टरच्या गिअरमध्ये उतरतं. कुणी स्वस्तातलं साधं ६८ नंबर हायड्रॉलिक तेल भरलेलं, कुणाच्यात पाणी शिरलेलं. माझ्या ट्रॅक्टरचं तेल दोन वर्षांपूर्वी दुधाच्या चहासारखं झालं होतं. पावसात ट्रॉली उभी, जॅकचं तोंड उघडं, खाजनातली खारी हवा. पंपाचे पिस्टन काढले तेव्हा त्यांच्यावर बोटाला लागतील असे खड्डे पडले होते.

बेळगावचा_भाचा | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

खाजनकरांशी अर्धा सहमत. ट्रॉलीसाठी वेगळं तेल, हे मान्य. पण एका नांगरासाठी पीटीओ पंप म्हणजे जास्तीचा खर्च आणि मागे जास्तीचा पसारा. नांगराच्या जॅकला तेल लागतं किती? ६३ मिलिमीटर बोअर आणि ४०० मिलिमीटर स्ट्रोक धरला तर सव्वा लिटर. जुन्या मॅसी १३५ चा पंप मिनिटाला साधारण १७ लिटर देतो आणि १०३५ त्याच घराण्यातला. म्हणजे जॅक चार-पाच सेकंदांत पूर्ण बाहेर. वेगळा पंप कशाला?

उलट कुणी हायड्रॉलिक मोटर लावून खड्डे खणायचं यंत्र चालवायचं म्हणत असेल तर मॅसीच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. मिनिटाला १७ लिटर आणि १७५ बार म्हणजे जेमतेम ५ किलोवॅट. तेही पंप नवा असताना. सतत चालणाऱ्या मोटरला तेवढ्यात तेल तापून पातळ होतं.

खाजनकर | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

नांगरापुरतं मान्य करतो. ट्रॉलीचं मात्र सोडणार नाही. त्या जॅकला दहा-दहा लिटर लागतात. एवढं तेल गिअरमधून वर गेलं की खाली काय उरतं?

चौदापंधरा | १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

खाजनकरबाब, मुद्दा लाखाचा आहे. ट्रॉली पूर्ण वर असताना हाउसिंगमधलं तेल तेवढ्याने उतरतं. ट्रॅक्टर उताराला उभा असेल तर पंप हवा ओढतो. ट्रॉली थरथरत चढू लागली की समजायचं. म्हणून ट्रॉली जोडायची असेल तर ती सपाट जागी, खाली असताना डिपस्टिक बघायची. आणि तेल एकच: ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनचं, डब्यावर यूटीटीओ लिहिलेलं. तेलातले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला तर दुसरं काही चालतच नाही, ब्रेक ओरडायला लागतात. दुसऱ्याची ट्रॉली कायम वापरायची असेल तर सगळ्या घरांनी मिळून एकाच तेलावर यावं.

दोडामार्गवाला | १० नोव्हेंबर, रात्री ९:००

पाच घरं एका तेलावर आणणं म्हणजे गावच्या देवळाची सभा. पण आणायला हवीत, हे खरं. माझ्या ट्रॉलीचं तेल या आठवड्यात पूर्ण काढून बघतो.

जांभाचिरा | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

वजनाचं कुणी बोललं नाही. त्याच्या लिफ्टची ताकद ११०० किलो, पण ती खालच्या लिंकच्या टोकाला. पलटी नांगराचा भार त्याच्याही मागे लोंबतो. माझ्याकडे अशाच जोडणीत घाटीवर स्टिअरिंग हलकं झालं होतं. पुढे वजनं लावल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नकोस.

ऊसमळा | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

नांगर एकफाळी करता येतो, दुसरा फाळ बोल्टवर आहे. आधी एकच लावून बघतो. पुढची वजनं बाबांनी गोठ्यामागे ठेवली होती, चार मिळाली.

नळ्यांबद्दल विचारायचं राहिलं. नांगराबरोबर आलेल्या नळीचं टोक वॉल्व्हच्या तोंडात दोन-तीन आटे छान जातं, मग अडकतं. जोर लावू का?

बेळगावचा_भाचा | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

अजिबात नको! तुमच्या एका टोकाला बीएसपी आटे असणार आणि दुसऱ्याला एनपीटी, आट्यांच्या या दोन वेगळ्या पद्धती. अर्धा इंच मापात दोन्हींना इंचाला १४ आटे, म्हणून सुरुवातीला जोडी जमल्यासारखी वाटते. पण बीएसपीचा आटा ५५ अंशांचा, एनपीटीचा ६० अंशांचा, आणि एनपीटी पुढे निमुळता. जोर लावला की वॉल्व्हचं तोंड फाटतं. व्हर्नियर असेल तर बाहेरचा व्यास मोजा. अर्धा इंच बीएसपी २०.९५ मिलिमीटर भरतो, तीन अष्टमांश १६.६६. बरोबर २२ आला तर तो मेट्रिक आहे. दुकानात जुनं टोक सोबत न्या, फोटो नको.

सरळ आट्याच्या जोडाला डाउटी वॉशर लावा, म्हणजे लोखंडी चकती आणि आतल्या काठाला रबर. टेफ्लॉन टेप पाण्याच्या नळाला. इथे तिचे तुकडे वॉल्व्हमध्ये जाऊन दांडा अडकवतात. आणि दाबाची नळी आत तारेच्या दोन जाळ्या असलेली घ्या. अर्ध्या इंचाची दोन जाळ्यांची नळी २७५ बारची असते, एका जाळीची १६० ची. तुमचा रिलीफ त्याच्या वर उघडतो.

मानशीवरचा (बार्देस) | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

वाचत होतो, एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. नळीला बारीक भोक पडलं असेल तर ते हाताने शोधू नका. माझ्या भावाने शोधलं. तळहातावर सुई टोचल्यासारखा एक ठिपका, रक्त नाही, दुखणंही नाही. तो म्हणाला काही नाही झालं. दोन तासांत हात सुजून कोपरापर्यंत लाल झाला. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी यंत्र कुठलं, तेल कुठलं विचारलं आणि रात्रीच ऑपरेशन करून हात उघडून धुतला. हात वाचला, दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत.

गळती शोधायला पुठ्ठा धरा. तेल कातडीखाली गेल्याची शंका आली तरी दुखायची वाट बघू नका, थेट बांबोळी गाठा आणि दाबाचं तेल शिरलंय असं सांगा.

पेडण्याची_लेक | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०

वाचून अंगावर काटा आला. मी स्वतः हात फिरवून बघते नेहमी. आजपासून बंद.

शिकाऊ | ११ नोव्हेंबर, रात्री ८:००

आमच्याकडे उन्हात ठेवलेल्या अवजाराचं कपलर, म्हणजे नळी जोडायचं टोक, लागतच नाही. हातोडीने ठोकून लावतात. बरोबर आहे का?

खाजनकर | ११ नोव्हेंबर, रात्री ८:२५

ठोकू नका. उन्हाने नळीतलं तेल फुगतं आणि कपलरची गोळी आतून दाबून धरतं. सोडतानाच काळजी घ्यायची: इंजिन बंद करून वॉल्व्हचे लिव्हर दोन्ही बाजूंना हलवायचे, मगच कपलर सोडायचं. आता अडकलंच असेल तर अवजार सावलीत थंड होऊ द्या. आणि टोप्या लावा. आमच्या खाऱ्या हवेत उघडं कपलर एका पावसाळ्यात गंजतं, तुमच्याकडे जांभ्याची लाल धूळ बसते. मी टोप्या सुतळीने कपलरलाच बांधल्यात. नांगर ठेवताना जॅकचा दांडा पूर्ण आत ओढून ठेवा. बाहेर राहिला तर त्याच्या चकचकीत भागावर गंजाचे ठिपके येतात आणि तेच पुढे सील कापतात.

ऊसमळा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मंडळी, जोडणी झाली. डायव्हर्टर आणि दोन लिव्हरचा वॉल्व्ह बेळगावला मिळाला, चोर्ला घाटातून सकाळी गेलो, संध्याकाळी परत. प्लग काढायला मात्र दोन दिवस गेले. रोज रात्री तेल सोडून ठेवायचो. तिसऱ्या दिवशी बाबांनी पान्याला पाइप लावला, तोंडाने मोजत हळूहळू जोर दिला, आणि तो 'टक्' करून सुटला. आतले आटे नवे असल्यासारखे चमकत होते. बाबा कितीतरी वेळ ते बघत बसले.

परत येणारी नळी हाउसिंगला दिली, तेल बदललं. दोन्ही नळ्यांत हवा होती, जॅक चार-पाच वेळा आतबाहेर केला, मग झटके गेले.

पण एक अडचण राहिलीच. बांधाजवळ आलो की लिफ्ट वर, नॉब बंद, लिव्हर ओढतो. नांगर उठून मध्यापर्यंत येतो आणि तिथेच उभा राहतो, फाळ आडवा. थोड्या वेळाने पुन्हा हलतो. कधी एका झटक्यात फिरतो. वॉल्व्ह खराब निघाला का?

चौदापंधरा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

एक सांगा. तो थांबतो तेव्हा तुमचा डावा पाय कुठे असतो?

ऊसमळा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४४

क्लचवर. बांधाला थांबतो ना.

चौदापंधरा | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

तिथेच आहे सगळं. तुमचा पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. क्लच पूर्ण दाबला की शाफ्ट थांबतो आणि पंपही थांबतो. ट्रॅक्टरला दोन टप्प्यांचा क्लच असेल तर पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबा, चाकं थांबतील, पंप चालू राहील. एकेरी असेल तर न्यूट्रल करून क्लच सोडा, मग लिव्हर ओढा. इंजिन थोडं वर ठेवा, आयडलवर तेल कमी येतं. आणि मध्यापर्यंत ओढल्यावर लिव्हर लगेच उलटा ढकलायचा आहे, कारण त्या जॅकला मध्य ओलांडल्यावर परत बाहेर यायचं असतं.

दोडामार्गवाला | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, ट्रॉली मध्येच का अडते ते आज कळलं. मीही क्लच दाबूनच बसतो.

ऊसमळा | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३५

दोन टप्प्यांचा क्लच निघाला. अर्ध्यावर पाय धरायची सवय व्हायला सकाळ गेली. दुपारनंतर नांगर प्रत्येक बांधाला एका दमात फिरला. एकच फाळ आहे, पण उसाची बुडखी मुळासकट उलटी पडताहेत. मागे बगळ्यांची रांग लागली होती. बाबा बांधावर खुर्ची टाकून बसले होते, अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

ट्रॉली अजून जोडली नाही. काकांच्या ट्रॉलीचं तेल आधी बाटलीत काढून बघितलं. खालच्या दोन बोटांत पाणी आहे. रविवारी त्यांचा जॅक रिकामा करायचाय. खाजनकरबाब, तुमच्याकडे तो धुवायला काय वापरलं होतं?

खाजनकर | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

डिझेल नको, सीलं फुगतात. तेच यूटीटीओ दोन लिटर घालून जॅक दोन-तीनदा वरखाली करा आणि काढून टाका. ट्रॉली वर असताना खाली वाकण्यापूर्वी चेसिस आणि डब्यामध्ये जाड लाकडाचा टेकू द्या, नुसत्या तेलाच्या भरवशावर नको. रविवारी मी सांग्याला येतोच आहे, सकाळी दहापर्यंत थांबलात तर दोघं मिळून करू.